अलकापुरीतील फुटबॉल बैठक: लोरां ब्लां यांच्यावरील सत्राचा अभिप्राय
बडोद्यासारख्या क्रिकेटवेड्या शहरात अलकापुरीतील एका लहानशा कॅफेने तिकीट लावून एकाच फुटबॉलपटूच्या कारकिर्दीवर मराठीत सत्र ठेवावे, हे धाडसच म्हणायला हवे. त्यातही फ्रान्सच्या लोरां ब्लां यांची निवड चोखंदळ आहे.

खेळाडू म्हणून ब्लां कसे घडले, हे वक्त्यांनी उत्तम उलगडले. माँपेलिए क्लबकडून आक्रमक मध्यरक्षक म्हणून खेळताना सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा हा खेळाडू पुढे बचावफळीत गेला आणि तेथूनही चेंडू घेऊन वर येत राहिला, हे चित्रफिती थांबवून दाखवल्यामुळे नवख्यांनाही समजले. नापोली, ओसेर, बार्सिलोना, मार्सेय, इंटर आणि अखेरीस मँचेस्टर युनायटेड हा प्रवास नकाशावर मांडला होता. १९९८ च्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध केलेला, विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला गोल्डन गोल (अतिरिक्त वेळेत होताच सामना तेथेच संपवणारा गोल) आणि उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध मिळालेले लाल कार्ड, ज्यामुळे मायदेशातला अंतिम सामना त्यांना बाहेर बसून पाहावा लागला, या दोन प्रसंगांना दिलेला वेळ सार्थकी लागला.

प्रशिक्षक ब्लां यांना मात्र न्याय मिळाला नाही. २००९ मध्ये त्यांच्या बोर्दो संघाने फ्रेंच लीगमधील लिआँ क्लबची सलग सात विजेतेपदांची मालिका खंडित केली, एवढेच सांगितले गेले. कशी केली, हे राहूनच गेले. २०१० च्या विश्वचषकात फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावास नकार देऊन केलेल्या बंडानंतर राष्ट्रीय संघ हाती घेताना त्या स्पर्धेतील सर्व २३ खेळाडूंना पहिल्या सामन्यातून वगळण्याचा निर्णय एका वाक्यात आटोपला, वास्तविक सगळे सत्र त्यावरच रंगले असते. पॅरिस सेंट-जर्मेन क्लबमध्ये सलग तीन लीग विजेतेपदे मिळवूनही युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये दरवर्षी उपांत्यपूर्व फेरीतच गाडी अडली आणि २०१६ नंतर चार वर्षांहून अधिक काळ ते कोणत्याच संघाचे प्रशिक्षक नव्हते; या रिकाम्या काळाचा उल्लेखही झाला नाही. त्यामुळे कतार, लिआँ आणि २०२४-२५ मध्ये अल-इत्तिहादला जिंकून दिलेली सौदी लीग ही नुसती जंत्री वाटली.

पडदा लहान असल्याने मागच्या खुर्च्यांवरून खेळाडूंचे क्रमांक वाचता येत नाहीत. तिकिटात मिळणारी शेव-उसळ झणझणीत आहे, फक्त ती चित्रफीत चालू असताना वाढू नये. पुढील सत्र १९९८ च्या फ्रान्स संघाचे कर्णधार दिदिए देशाँ यांच्यावर आहे. त्यांची प्रशिक्षकपदाची वर्षे खेळाडू म्हणून घालवलेल्या वर्षांहून अधिक असल्याने आयोजकांनी वेळेची वाटणी आधीच बदलावी, तिकीट घेण्यास माझी हरकत नाही.