तीन सिलिंडरच्या गाडीला आरपीएम मीटर: म्हापशात बसवून घेतल्यानंतर

आमची १९९७ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० अजून रोज रस्त्यावर असते. तिच्या डॅशबोर्डवर वेग, इंधन आणि तापमान यांपलीकडे काही दिसत नाही. चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन विनाकारण ओरडते आहे की तिसऱ्यात टाकल्यास ते गुदमरेल, हे कानांनीच ठरवावे लागते, आणि पावसाळ्यानंतर आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, लावून घेताना तर मेकॅनिकचा कान आणि माझा कान यांत नेहमीच मतभेद होतात. म्हणून बाजारात सहज मिळणारे ८० मिलिमीटर व्यासाचे, ८,००० पर्यंत आकडे असलेले आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवणारे मीटर, १,४५० रुपयांना घेतले आणि म्हापशातील एका वायरमनकडून ७०० रुपये मजुरीत बसवून घेतले.

वायरिंगचे काम बहुतांशी नीटनेटके झाले. लाल वायर चावी फिरवल्यावरच प्रवाह मिळणाऱ्या तारेला फ्यूजमधून जोडली, दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या तारेवर घेतली आणि हिरवी, म्हणजे सिग्नलची वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून रबरी ग्रोमेट बसवून पलीकडे नेऊन इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाच्या, ऋण टोकाला जोडली. ही वायर प्लगच्या जाड वायरींपासून दूर ठेवण्याची काळजी वायरमनने न सांगता घेतली. त्या वायरींतील उच्च दाबामुळे काटा नाचू लागतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

चुकले ते सिलिंडरच्या निवडीत. मीटर ठिणग्या मोजून फेरे काढते, म्हणून सिलिंडर किती ते त्याला सांगावे लागते. मीटरच्या मागील बटणावर ४, ६ आणि ८ एवढेच पर्याय होते आणि त्याने सवयीने ४ ठेवला. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. त्यामुळे चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन, सहाला तीन आणि आमच्या तिघांना दीड ठिणगी येते. मीटर मात्र प्रत्येक दोन ठिणग्यांना एक फेरा मोजत होते, म्हणजे खऱ्या आकड्याच्या पाऊणपटच दाखवीत होते. पुलीवर चमकती पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजले तेव्हा इंजिन ९०० वर होते आणि काटा पावणेसातशेच्या आसपास. वेग पुरेसा नाही असे समजून कोणी आयडल स्क्रू आणखी आवळला असता, तर पेट्रोल उगाच जळत राहिले असते. मी हे दाखवल्यावर वायरमन म्हणाला, “बाई, तीन सिलिंडरचे आजवर कोणी विचारलेच नाही.” खरे तर हे वेष्टनावर छापणे विक्रेत्याचे काम होते, सोबतच्या पत्रिकेत तारांच्या रंगांपलीकडे काहीही नाही.

तोडगा सोपा निघाला. निवड ६ वर ठेवली की मीटर बरोबर निम्मे दाखवते. ४,५०० चे २,२५० दिसले तरी दुप्पट करणे घाटातही जमते. चारवरच्या आकड्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवण्याचा हिशेब वळणावर कोण करणार? अर्धी तबकडी वाया जाते, हे मात्र खटकते. ज्यांच्याकडे चार सिलिंडरची, एकाच कॉइलची पेट्रोल गाडी आहे, त्यांना ही अडचण येणार नाही. डिझेल गाडीत इग्निशन कॉइलच नसल्याने हे मीटर तसेच जोडता येत नाही. तेथे सिग्नल बहुधा अल्टरनेटरवरून घ्यावा लागतो.

दुसरी तक्रार अर्थिंगची, म्हणजे मीटरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याची. मांद्र्यासारख्या समुद्राकाठच्या गावात पत्र्यावरचा कुठलाही स्क्रू फार दिवस स्वच्छ राहत नाही, आणि वायरमनने काळी वायर डॅशबोर्डखालच्या अशाच एका गंजक्या स्क्रूला आवळली होती. पहिल्याच पावसात हेडलाइट लावताच काटा दोनशेने उडू लागला. मी तो स्क्रू काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (धातूची कडी) लावले आणि वर पेट्रोलियम जेली फासली. त्यानंतर काटा स्थिर आहे.

एवढ्या पैशांत मीटर आणि मजुरी दोन्ही मला वाजवी वाटली. रात्री तबकडीचा निळा उजेड डोळ्यांना खुपतो, त्यावर काळ्या टेपचा तुकडा लावला आहे. काचेच्या कडेला “× २” लिहिलेली पट्टीही आहे. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना ती आधी दाखवावी लागते.