व्हीटीव्ही की ९६? तमिळ प्रेमपट पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

‘तमिळमधला एकच प्रेमपट सांग, बाकीचे आवडला तर बघू,’ असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दोनच नावं येतात. एक गौतम मेनन यांचा ‘विण्णैत्तांडि वरुवाया’ (२०१०), ज्याला सगळे व्हीटीव्हीच म्हणतात. दुसरा सी. प्रेमकुमार यांचा ‘९६’ (२०१८). मणिरत्नम तुमचे बघून झालेत असं धरून चालतो. दोन्हींत नायिका त्रिशा, आणि दोन्हीकडे तिला आवाज गायिका चिन्मयीचा. दोन्ही अडीच तासांच्या पुढे जातात आणि दोन्हींत एक जण एकीसाठी वर्षानुवर्षं झुरतो. झुरण्याची तऱ्हा मात्र वेगळी आहे, आणि माझा कल ठरला तो त्या तऱ्हेवरून. (पुढे गोष्ट थोडीफार फुटणार आहे. चालत नसेल तर इथेच थांबा आणि ‘९६’ लावा.)

संगीताचं आधी उरकतो, कारण तिथे फारसा वाद नाही. व्हीटीव्हीची गाणी रहमानची, शब्द बहुतेक तामरै यांचे. सिनेमा न बघताही ही गाणी नुसती ऐकत राहता येतात. ‘होसान्ना’ तर हिंदी रिमेकमुळे आपल्याकडे रिक्षातही वाजून गेलंय. ‘आरोमले’ हे मल्याळम गाणं. मी ते रात्रीच्या प्रवासासाठी राखून ठेवतो. ‘९६’चं गोविंद वसंताचं व्हायोलिन सुरेख आहे, पण ते सिनेमाच्या पोटात वाजतं, बाहेर काढलं की थोडं उणं वाटतं. फक्त गाण्यांसाठी बघणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही. व्हीटीव्हीच बघा.

आता व्हीटीव्हीतले कार्तिक आणि जेसी. कार्तिक इंजिनिअरिंग करून सिनेमाच्या मागे लागलेला, जेसी वरच्या मजल्यावरची, घरमालकाची मुलगी. मल्याळी ख्रिश्चन, त्याच्याहून वर्षभराने मोठी, आणि घरात सिनेमाचंच वावडं. सिम्बूने कार्तिक झकास केलाय, त्याच्या एरवीच्या पडद्यावरच्या हातवाऱ्यांना इथे कुणीतरी चांगलाच लगाम घातलाय. ती ‘नाही’ म्हणते. तो ऐकतो, मान डोलावतो आणि पुन्हा विचारतो. ती केरळात आजोळी निघून जाते, तर हा मित्र गणेशला बरोबर घेऊन थेट अलेप्पीत दाखल. परतीच्या रेल्वेत ‘आपण फक्त मित्र’ असं ठरतं, आणि ते ठरलेलं तो त्याच प्रवासात मोडतो.

कॉलेजच्या वयात हे मला चिकाटी वाटायचं. आमच्या सगळ्याच टोळक्याला वाटायचं, मागे रहमान असला की काहीही खपतं. नंतर कधीतरी बायकोबरोबर बघायला बसलो. अलेप्पीचा प्रसंग आला तेव्हा ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, ‘पण ती नको म्हणाली होती ना? मग हा तिच्या मामाच्या दारात काय करतोय?’ मी म्हटलं, अगं, प्रेम आहे ते. ती पुढे काही बोलली नाही, शेंगा सोलत राहिली. आता सिनेमा लावला की तो प्रश्न आधी येतो आणि ‘होसान्ना’ मागून येतं. माझ्यापुरती व्हीटीव्हीची सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि ती त्या वेळच्या एकट्या व्हीटीव्हीची नाही. बसस्टॉपवर उभं राहायचं, घरापर्यंत मागे जायचं, नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी, हे सूत्र तमिळ पडद्यावर इतकी वर्षं चाललंय की त्याला कुणी सूत्रही म्हणत नाही. आपणही फार वरच्या पाटावर बसायला नको म्हणा, आपल्या जुन्या चित्रपटांतली गाणी आठवा.

व्हीटीव्हीवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की जेसी ही नुसती पाठलागाची वस्तू नाही. तिचं हो-नाही, बापाची भीती, भर चर्चमध्ये लग्नाला दिलेला नकार आणि त्यानंतरही सोडून जाणं, यातलं काहीच सोपं करून दाखवलेलं नाही. शेवटी कार्तिक त्याच गोष्टीचा सिनेमा काढतो, ती कल्पना मला अजूनही भारी वाटते. पण तिथवर पोचायला आधीचा तासभर पार करावा लागतो, आणि तो मला हल्ली जड जातो.

‘९६’मध्ये राम आहे, विजय सेतुपती. हा माणूस दुबईत अकाउंटंटची नोकरी करून परत आला, वर्षानुवर्षं बारीकसारीक भूमिका केल्या आणि पहिली मोठी भूमिका मिळाली ती २०१० मध्ये, म्हणजे व्हीटीव्ही आला त्याच वर्षी. वाट बघणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार. राम फिरता छायाचित्रकार. तंजावरच्या आपल्या जुन्या शाळेपाशी पोचतो आणि तिथून वर्गमित्रांचा ग्रुप जमतो, मग चेन्नईत स्नेहसंमेलन. (तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजीराजे आणि मोठ्या देवळातला मराठी शिलालेख आठवतो. सिनेमात त्यातलं काही नाही, उगाच शोधत बसू नका.) त्याचं शाळेतलं प्रेम, जानू (त्रिशा), सिंगापूरहून आलेली, लग्न झालेलं, एक मुलगी. सकाळी विमान. उरते ती एक रात्र.

रामही जानूच्या मागे गेला होता, अगदी तिच्या कॉलेजपर्यंत. आत निरोप पाठवला. तिला वाटलं, त्रास देणारा दुसराच कुणी आलाय. तिने तोंडावर मारावा तसा नकार पाठवला आणि हा मुकाट्याने परत फिरला. गैरसमज होता हे कळायला मधली सगळी वर्षं जावी लागली. इथे माझं पारडं झुकतं. कार्तिकला नकार नीट कळला होता तरी तो थांबला नाही. रामला चुकीचा कळला तरी त्याने तो मानला. मला विचाराल तर यातली चिकाटी दुसऱ्याची. दूर राहून तिची खबर ठेवणं, तिच्या लग्नात गुपचूप येऊन जाणं, हे काहींना खटकेल, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. पण त्याचा भार तो तिच्यावर टाकत नाही.

एक प्रसंग सांगतोच. शाळेपासून राम तिच्याकडे एकच गाणं मागत आलाय, ‘दळपती’मधलं (१९९१) इळैयराजांचं ‘यमुनै आट्रिले’. यमुनेकाठी कृष्णाची वाट बघणारी राधा, आपल्या विराण्यांच्या जातीचं. बाकी सगळी गाणी जानू गाते, हे कधीच नाही. त्या रात्री त्याच्या घरात वीज जाते आणि अंधारात ती आपणहून ते सुरू करते. हा मात्र दिव्यासाठी धडपडतोय, कारण इतकी वर्षं मागितलेलं गाणं चालू असताना तिचा चेहरा दिसायला हवा. सेतुपतीने ती धांदल अशी केलीय की हसू येतं आणि घसाही दाटतो.

‘९६’ची खोट म्हणजे वेग. मधल्या भागात दोघं चेन्नईत फिरतात, बोलतात, पुन्हा फिरतात. मारामारी नाही, विनोदवीर नावाला. राम इतका सोवळा आहे की कधीकधी ‘बाबा रे, निदान हात तरी धर’ असं वाटतं. विमानतळाच्या वाटेवर गिअरवरच्या त्याच्या हातावर ती हात ठेवते, इतकंच काय ते. ज्यांना हे रटाळ वाटतं त्यांच्याशी मी भांडत नाही.

तर वय विशीचं असेल, नुकतंच मन मोडलेलं असेल, हेडफोन चांगला असेल, तर व्हीटीव्हीने सुरुवात करायला हरकत नाही. त्या वयात तो जसा भिडतो तसा नंतर भिडत नाही. बाकीच्यांनी, आणि विशेषतः ज्यांच्या फोनमध्ये दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे त्यांनी, ‘९६’ आधी बघावा. दोन्ही मूळ तमिळमध्येच, सबटायटल्स लावून बघा. डब केलेल्या आवृत्तीत चिन्मयीचा आवाज जातो आणि मग जानू अर्धीच उरते. तेलुगू रूपांतरं पुढच्या सुट्टीत बघा. गंमत म्हणजे तिकडे जेसी आणि जानू या दोन्ही भूमिका सामंताने केल्यात, आणि तमिळ व्हीटीव्हीतही ती थोडा वेळ दिसते.