ड्रायव्हर पुन्हा बांधायचा की कार्डच बदलायचं?

ऐरोलीच्या घरी माझ्या लिनक्स गेमिंग पीसीचं वायफाय दर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला गायब व्हायचं. जोडलेलं हार्डवेअर दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय -के' या कमांडमध्ये वायफाय कार्ड दिसायचं, पण खालची 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसायची, म्हणजे कार्ड चालवणारा ड्रायव्हरच लागलेला नसायचा.

फुकटचा उपाय म्हणजे कर्नलबाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाने बसवणं. नवं कर्नल आलं की तो आपोआप पुन्हा बांधला जातो, फक्त त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) हवेत. सिक्युअर बूट (फक्त डिजिटल सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल, तर असं सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे हा ड्रायव्हर, दारातच अडतं. आणि हे सगळं नेटसाठी मोबाईल यूएसबीला जोडून, रात्री अकराला, मित्र गेममध्ये खोळंबलेले असताना!

दुसरा उपाय, इंटेल एएक्स२१० कार्ड. कर्नल ५.१० किंवा पुढचं आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) पॅकेज असलं की झालं. अँटेनाच्या दोन बारीक वायरी टिचकन बसवताना मात्र बोटं थरथरतात. पैसे गेले, तरी मी हेच घेतलं. हॉलमधून लॅन केबल ओढू दिली असती, तर तेही वाचले असते.