तुलुम की कोझुमेल? जून-जुलैत जाणार असाल तर

मुलांच्या शाळेला सुट्टी लागायची वेळ आली की डॅलसमधल्या आमच्या ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मेक्सिकोत समुद्रही हवा आणि माया लोकांचे अवशेषही बघायचेत, तर मुक्काम कुठे करायचा? कानकुनच्या रिसॉर्टमध्येच राहायचं ज्यांनी ठरवलंय त्यांना हा प्रश्न पडत नाही. बाकीच्यांची गाडी बहुतेक वेळा किनाऱ्यावरचं तुलुम आणि समोरच्या समुद्रातलं कोझुमेल बेट या दोन नावांपाशी येऊन अडते. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत, आधी जूनमध्ये तुलुमला आणि पुढच्या वर्षी जुलैत कोझुमेलला. दोन्ही वेळा रत्नागिरीहून आलेले आई-बाबा बरोबर होते. (त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागला नाही.)

आधी तुलुमबद्दल, कारण अवशेषांच्या बाबतीत ते निःसंशय उजवं आहे. समुद्रालगतच्या कड्यावर उभं असलेलं ते नगर, तीन बाजूंना दगडी तट आणि पूर्वेला थेट कॅरिबियन समुद्र. तुलुम या शब्दाचा अर्थच तटबंदी. तटातल्या दरवाजाची वाट इतकी अरुंद की माणसांना एकामागून एकच जावं लागतं. बाबा आत शिरताना दगडावर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "जयगडासारखंच की रे, फक्त बुरूज नाहीत." आत एका मंदिराच्या दारावर डोकं खाली, पाय वर अशी देवाची मूर्ती आहे. तिला तिथे 'उतरता देव' म्हणतात. सकाळी आठला गेट उघडतं. तेव्हाच आत शिरा, साडेदहानंतर सावलीचा तुकडाही सापडत नाही. आता हा सगळा परिसर हाग्वार पार्कमध्ये मोडतो, त्यामुळे एका तिकिटात काम भागत नाही.

तुलुमहून कोबाही जवळ, पाऊण तासावर. जंगलात पसरलेलं हे जुनं शहर सायकलीवरून बघता येतं. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही चालकासकट तीनचाकी सायकल घेतली आणि ते दोघं पुढच्या बाकावर बसून 42 मीटर उंचीच्या नोहोच मुल पिरॅमिडपर्यंत आरामात पोहोचले. माया लोकांनी बांधलेले पांढऱ्या चुनखडीचे उंच रस्ते, सकबे, इथूनच निघतात. त्यातला एक तर जवळजवळ शंभर किलोमीटर लांब आहे. आणि सेनोटे! या युकातान द्वीपकल्पात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीतच, पाणी चुनखडीच्या पोटातून वाहतं. वरचं छत कोसळलं की तयार होतात या विहिरी. पाणी इतकं नितळ की तळाचा दगड हाताला लागेल असं वाटतं. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ सक्तीची, अंगावर क्रीम चालत नाही, आणि हा नियम मला फार योग्य वाटतो. सेनोटेंसाठी मुख्य भूमीच बरी, हे कोझुमेलच्या बाजूने बोलणाऱ्यालाही मान्य करावं लागेल.

एवढं सगळं असूनही माझं मत फिरलं ते समुद्रावर.

पहिल्या संध्याकाळी आई मोठ्या उत्साहाने वाळूवर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. म्हणाली, "अरे, पाण्यापर्यंत पोचायचं कसं?" किनाऱ्यावर तांबूस तपकिरी शेवाळाचा गुडघाभर उंच बांध होता. तिथले लोक त्याला सारगासो म्हणतात. हवेने भरलेल्या वाटाण्याएवढ्या फुग्यांवर तरंगत ते अटलांटिकमधून येतं. 2011 पासून त्याचं प्रमाण फार वाढलंय, आणि साधारण वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत ते या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर येऊन साचतं. म्हणजे नेमकी आपल्या मुलांची सुट्टी. समुद्रातलं ताजं शेवाळ निरुपद्रवी असतं. वाळूवर साचून कुजायला लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि नासक्या अंड्यांचा वास येतो. पहाटे पाचला ट्रॅक्टरचा आवाज सुरू व्हायचा. दाताळी आणि ढकलगाड्या घेतलेली माणसं उन्हं चढेपर्यंत किनारा साफ करत असायची. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे, पण दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच बांध तयार व्हायचा. सुकटीच्या वासात वाढलेले आम्ही, आम्हाला समुद्राच्या वासाचं वावडं नाही. हा वास वेगळा होता. खोलीच्या खिडक्या पाच दिवस बंद ठेवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आई पलंगावर बसून पायाकडे बघत होती. तिची चांदीची जोडवी काळी पडली होती, नुसती मळकट नव्हे, तव्यासारखी काळी. याच वायूने चांदी काळवंडते, हे मी नंतर वाचलं. चाळीस वर्षं पायातून न काढलेली जोडवी होती ती. ती काही बोलली नाही, पण मी त्याच दिवशी ठरवलं की पुन्हा उन्हाळ्यात यांना इथे आणायचं नाही.

पुढच्या वर्षी कोझुमेल. प्लाया देल कार्मेनहून फेरीने पाऊण तास. या बेटाची पूर्व बाजू उघड्या समुद्राकडे आहे आणि शेवाळ तिथेही येतं. मात्र गाव, हॉटेलं आणि पोहण्याच्या जागा आहेत पश्चिमेला, मुख्य भूमीकडे तोंड करून. बेट स्वतःच आड येतं. आम्ही होतो त्या सहा दिवसांत पश्चिमेला पाण्यावर तरंगणाऱ्या चार-दोन काड्यांपलीकडे काही दिसलं नाही. प्रत्येक वर्षी असंच असेल याची हमी मी देऊ शकत नाही, पण भूगोल तर बदलणार नाही.

प्रवाळ बघायला कोझुमेल तुलुमपेक्षा कितीतरी सरस. 1996 पासून इथली प्रवाळभिंत राष्ट्रीय उद्यान आहे. माझी मुलगी पालांकार या प्रवाळभिंतीपाशी बोटीतून उतरली आणि अर्ध्या तासाने वर येऊन नुसती हसत राहिली. एल सिएलो या उथळ जागी कंबरभर पाण्यात पांढऱ्या वाळूवर तारामासे पडलेले असतात. ते हातात उचलायचे नाहीत, हे मुलांना बोटीत चढतानाच सांगून ठेवा.

अवशेष इथे लहान आहेत, हे खरं. सान खेर्वासिओत तुलुमसारखा कडा नाही की कोबासारखा पिरॅमिड नाही. जंगलातल्या पायवाटा, उन्हात पडलेले इग्वाना आणि भरपूर डास. पण इश्चेल देवीचं हे स्थान, आणि ही देवी बाळंतपणाची, औषधांची. मुख्य भूमीवरच्या माया बायका होडीतून सामुद्रधुनी ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. हे ऐकल्यावर आई लगेच म्हणाली, "म्हणजे ही यांची सटवाई." एका छोट्या घराच्या भिंतीवर लाल हातांचे पुसट ठसे आहेत. आई त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. घरभरणीला कुंकवाचे हात उमटवतात ते तिला आठवत असणार. तुलुमच्या भव्य देखाव्यापेक्षा ही दहा मिनिटं माझ्या जास्त लक्षात राहिली आहेत. 1519 मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेला स्पॅनिश सरदार कोर्तेस आधी याच बेटावर उतरला, हे बाबांना फलक वाचून कळलं आणि मग त्यांनी तिथला प्रत्येक फलक वाचला.

कोझुमेलचे तोटे दोन. क्रूझ जहाजं लागतात त्या दिवशी बंदराजवळ चालायला जागा नसते, आणि बऱ्याच ठिकाणी किनारा खडकाळ असल्याने वाळूत पडायचं तर बीच क्लबचे पैसे मोजावे लागतात. जेवणाचं दोन्हीकडे सारखंच: राजमा मागताना "सिन मांतेका" म्हणजे डुकराची चरबी न घालता असं सांगावं लागतं. भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची सिकिल पाक ही चटणी मिळाली तर सोडू नका. आईने मक्याच्या गरम तोर्तियाबरोबर तीन दिवस तीच खाल्ली.

डिसेंबरात जाणार असाल तर मी तुलुमला नाही म्हणणार नाही. तेव्हा शेवाळ सहसा नसतं, आणि उलट उत्तरेचा वारा सुटला की कोझुमेलची फेरीच बंद पडते. उन्हाळ्यात मात्र मी कोझुमेलला चार-पाच रात्री राहीन आणि एक दिवस पहाटेच्या फेरीने प्लायाला येऊन तिथून व्हॅनने तुलुमचे अवशेष बघून येईन. चिचेन इत्सा त्याच दिवशी कोंबू नका, ते युकातान राज्यात आहे, तिथलं घड्याळ एक तास मागे असतं आणि हिशेब चुकतो.

आईने ती जोडवी रांगोळीने घासून पुन्हा पांढरी केली होती आणि कोझुमेललाही घालूनच आली. रोज रात्री दिव्याखाली पाय धरून बघायची. सहाव्या रात्रीही ती तशीच पांढरी होती.