तान्ह्यासाठी व्हिटॅमिन डी-३ थेंब: आधी ड्रॉपरवरची रेघ बघा

मेडिकलमध्ये हे थेंब बहुतेक दोन ताकदींत मिळतात: १ मिलीत ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) किंवा ८००. तान्ह्याला रोज ४०० पुरतात, म्हणजे पहिल्यातले १ मिली, दुसऱ्यातले अर्धा. खोकी सारखीच दिसतात, गफलत तिथेच होते. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा. आमची पसंती ८००ला. अर्धा मिली गालाच्या आत हळूहळू सोडला की बाळ गिळतं, १ मिलीतलं बरंचसं लाळेऱ्यावर जातं. ड्रॉपर त्याच बाटलीचा हवा, ०.५ची रेघ ठळक हवी. अंगावरच्या दुधात डी फारच कमी, म्हणून ते पिणाऱ्या बाळालाही थेंब लागतातच. कॅल्शियमचं सिरप मात्र मनाने नको. डी फार कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम घटून झटके येऊ शकतात. झटके आले तर थेंब विसरा, थेट दवाखाना गाठा. कॅल्शियम कमी निघालं तर ते शिरेतून द्यावं लागतं.