झेनोडो: कापसाच्या एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. आमची बी.एस्सी.ची मुलं घरच्या पऱ्हाटीत कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतात. ते आकडे आणि त्यावरची टिपणं मी गेल्या खरिपापासून झेनोडोवर ठेवते. सर्न या संशोधन संस्थेने 2013 मध्ये सुरू केलेलं हे संशोधनाचं ऑनलाइन भांडार फुकट आहे. टिपण प्रकाशित केलं की लगेच डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, मिळतो, त्यामुळे कोणालाही त्याचा रीतसर संदर्भ देता येतो.

मला हे आवडलं ते वेळेमुळे. जर्नलच्या परीक्षकांचं उत्तर येईस्तोवर पऱ्हाटी उपटून होते. सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, असं मानतात. ती चर्चा बोंडं झाडावर असतानाच व्हायला हवी ना! पहिलं टिपण वाचून एका कीटकशास्त्रज्ञांची मेल आली: सापळा पिकाच्या किती वर होता, ल्यूर (सापळ्यातलं गंधाचं आमिष) कधी बदललं? मुलांच्या वहीत दोन्ही नोंदी होत्या. त्या घालून मी दुसरी आवृत्ती टाकली. पहिलीही जागेवरच राहते, दोघींचे डीओआय वेगळे, त्यामुळे प्रश्नानंतर काय बदललं ते कोणीही ताडून पाहू शकतं. जर्नलचं परीक्षण बंद पाकिटात होतं, तिथे मुलांना हे कधीच दिसलं नसतं. मला यातच खरं शिक्षण वाटतं.

प्रकाशित झाल्यावर फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते, म्हणून आधी ड्राफ्ट नीट वाचा. लाइन जायच्या आत सेव्ह करा. मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला नसतो, हे टिपणात स्पष्ट लिहा.

बढतीसाठी मात्र याचा उपयोग नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत विज्ञानातल्या तज्ज्ञपरीक्षित पेपरला 8 गुण आहेत, अशा टिपणाला काहीच नाही. हे बदलायला हवं, असं मी ठामपणे म्हणते. तोवर पेपरही लिहायचाच; फक्त आधी खुलं ठेवलेलं लेखन चालतं का, ते त्या जर्नलच्या नियमांत पाहून घ्या.

आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या वावरातले आकडे टाकू नका. आम्ही नाव आणि गट नंबर काढून फक्त तालुका ठेवतो.