१८ डॉलरचं भाकीत: दहापैकी नऊ बरोबर, पूल मात्र उलटा

लेक इथे अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या संघातून अल्टिमेट फ्रिस्बी खेळते, म्हणजे चेंडूऐवजी तबकडी फेकायचा सांघिक खेळ. संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला की मेअखेरचा मेमोरियल डेचा लाँग वीकेंड आमचा गेलाच म्हणून समजा. वीस संघ, चार पूल म्हणजे गट, प्रत्येकात पाच. कोणत्या पूलमध्ये कोण कितवं येणार, ते शुक्रवारी सकाळी खेळ सुरू व्हायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकायचं, अशी आमची पैज असते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर दरवेळी विचारतात, "पडला का गं तुमचा पूल?" त्यातून खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या फेकीलाही 'पुल'च म्हणतात, तेव्हा त्यांना समजावून सांगायचा नाद मी सोडलाय.

दोन वर्षं पैज हरल्यावर मी चिडून एका भाकीत सांगणाऱ्या सेवेचे १८ डॉलर भरले. नाव लिहीत नाही. माझं पोट विम्याच्या दाव्यांवर चालतं, त्यामुळे टक्केवारी बघून मी हुरळत नाही. ६४ टक्के म्हणजे 'जिंकणार' नव्हे, एवढं मला कळतं. कंपनीने मला फसवलं असा या लिहिण्याचा सूर नाही. वस्तू चांगली बनवलीय, फक्त ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते.

आधी चांगलं सांगते. मांडणी स्वच्छ आहे. प्रत्येक पूलचं एक पान, त्यात दहा सामने, प्रत्येकासमोर दोन आकडे. शेजारी संघाचं रेटिंग कुठून आलं तेही उलगडून दाखवलंय, आणि हे मला मनापासून आवडलं. खेळाच्या संघटनेच्या क्रमवारीत नुसता विजय मोजत नाहीत, फरक मोजतात: एका गुणाने जिंकलात तर त्या सामन्याचं तुमचं रेटिंग समोरच्याच्या रेटिंगपेक्षा १२५ जास्त, त्याच्या दुपटीहून जास्त गुण करून धुतलंत तर ६०० जास्त. शिवाय हंगामाच्या शेवटचे सामने सुरुवातीच्या सामन्यांपेक्षा जड धरतात. इतकी वर्षं मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले, पण हे गणित मला कुणी समजावलं नव्हतं. दहा विभागांना एकेक जागा हक्काची आणि उरलेल्या दहा या क्रमवारीच्या जोरावर वाटल्या जातात, हेही तिथे एका चित्रात दिसतं. नवख्या पालकाला एवढ्यासाठी १८ डॉलर महाग नाहीत.

आता मुद्दा. पूलमध्ये पहिला येणारा संघ थेट उपउपांत्य फेरीत जातो. दुसरा आणि तिसरा शनिवारीच आणखी एक सामना खेळून तिथे पोचायची धडपड करतात. चौथ्या-पाचव्याचं जेतेपदाचं स्वप्न तिथेच संपतं. म्हणजे खरी मारामारी दोन ते चार या जागांवर असते. वर कोण राहणार ते सांगायला यंत्र कशाला हवं? मुलांच्या गटात नॉर्थ कॅरोलिना २०२१, २०२२ आणि २०२३ असं सलग तीनदा जिंकलं. त्या वर्षांत त्यांना पूलमध्ये वर लिहिणाऱ्याला कुणी ज्योतिषी म्हटलं नसतं. तळाचं भाकीतही तसं सोपंच. मधल्या तिघांचं काय, ते कुणी सांगेल तर त्याला पैसे द्यावेत.

आमच्या पूलमध्ये लेकीचा संघ मानांकनात दुसरा होता. बाकीच्यांची नावं घेत नाही, त्या पोरींनी माझं काय घोडं मारलंय. तिसऱ्या मानांकनाच्या संघाला 'निळ्या' म्हणू आणि चौथ्याला 'पिवळ्या', जर्सीवरून. सेवेचं भाकीत: पहिलं मानांकन पहिलं, मग आम्ही, मग निळ्या, मग पिवळ्या, मग शेवटचं. आमच्या ह्यांनी कागदावर पेन्सिलीने मानांकनं जशीच्या तशी उतरवून काढली होती. दोन्ही याद्या तंतोतंत एक. एकीला १८ डॉलर, दुसरीला पेन्सिल.

आणि दोन दिवसांत तसंच घडत गेलं. पहिल्या मानांकनाने चौघांना हरवलं. शेवटच्या मानांकनाला चौघांनी हरवलं. निळ्यांनी पिवळ्यांना शुक्रवारी १५-१४ असं कसंबसं काढलं. आम्ही निळ्यांना शनिवारी सकाळी १५-१३ हरवलं. नऊ सामने, नऊच्या नऊ बरोबर. उरला आमचा आणि पिवळ्यांचा, शनिवारी दुपारी. ॲप म्हणत होतं, आमच्या विजयाची शक्यता ७१ टक्के.

दुपारी वारा उठला. वाऱ्यात १७५ ग्रॅमची ती तबकडी काय करते, ते टीव्हीवर कळत नाही. वाऱ्याच्या तोंडावर लांब फेकली की ती पोट दाखवत वर चढते, तिथेच रेंगाळते आणि मागे ढकलली जाते. वाऱ्याच्या पाठीवर फेकली तर धरणाऱ्याच्या पुढे पळते, नाहीतर डोकं टाकून खाली येते. अशा वेळी पिवळ्यांसारखा झोन लावणारा, म्हणजे एकेकीच्या मागे न धावता जागा राखणारा संघ सोन्याचा होतो. समोर तिघी हात पसरून उभ्या, मागे जागा धरून बाकीच्या, हातात तबकडी आली की दहा सेकंदांची मोजणी सुरू, आणि आमच्या पोरी आडव्या-आडव्या छोट्या फेकी करून दमतात. या वाऱ्याचा ॲपच्या आकड्यांत मागमूस नव्हता. त्यांच्या मदत-पानावर एक ओळ आहे की हवामान धरलेलं नाही. प्रामाणिकपणाबद्दल अर्धा गुण देते. पण हा खेळ उघड्या मैदानावर चालतो, बाबांनो.

पिवळ्या १२, आम्ही ९. ॲपवर आमच्या विजयाची शक्यता ६ टक्क्यांवर आली. शेजारच्या खुर्चीतल्या एका मुलीच्या वडिलांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, संपलं. मला मात्र ह्यांनी कोपराने ढोसलं. हे मघापासून त्याच पेन्सिलीने काहीतरी खरडत होते.

आम्ही हरलो तर निळ्या, पिवळ्या आणि आम्ही, तिघींचे दोन विजय, दोन पराभव. आपसातही प्रत्येकीचा एक विजय, एक पराभव. अशा तिढ्यात त्या तिघींच्या आपसातल्या सामन्यांचा गुणफरक बघतात. निळ्या: आमच्याकडून दोनने हरल्या, पिवळ्यांवर एकने जिंकल्या, म्हणजे उणे एक. आमचे निळ्यांवर अधिक दोन, त्यातून या सामन्यात जितक्याने हरू तितके वजा. तीनने हरलो तर आम्हीही उणे एक. मग आमच्यात आणि निळ्यांत बरोबरी, आणि दोघांतच बरोबरी उरली की परत पहिल्या नियमाकडे जायचं: एकमेकांविरुद्ध कोण जिंकलं? आम्ही. म्हणजे निळ्यांच्या वर आम्हीच. हरायला हरकत नव्हती, जास्तीत जास्त तीनने हरायचं होतं! त्या क्षणी फरक नेमका तीनचाच होता.

तो ६ टक्क्यांचा आकडा म्हणजे त्या मैदानावरची सगळ्यात निरुपयोगी गोष्ट होती. आम्हाला 'जिंकणार का' हे नको होतं, 'पुढचे गुण वाटून घेता येतील का' हे हवं होतं. कोचला ते ठाऊक होतं, पोरींनाही. त्यांनी टाइमआउट घेतला, गोल करून डोकी एकत्र केली, आणि लेकीने लांबून आमच्याकडे बघून तीन बोटं दाखवली. ॲपमध्ये बोटं दाखवायची सोय नाही. तिथे मैदानाचं एक छोटं हिरवं चित्र आणि त्यावर ६.

पुढचा गुण पिवळ्यांचा. त्याच्या पुढचाही. १४-९ वर लेकीच्या हातात तबकडी होती, वाऱ्याच्या तोंडावर, मोजणी आठवर. तिने फोरहँड टाकला. तो खाली दाबून टाकायला हवा होता, किंचित वर सुटला. मला खुर्चीतूनच कळलं. झोनच्या मागच्या मुलीने तो आरामात, दोन्ही हातांनी, पाव मिटल्यासारखा धरला. १५-९.

पिवळ्या अधिक पाच, निळ्या उणे एक, आम्ही उणे चार. दुसरं-तिसरं-चौथं हा क्रम भाकिताच्या बरोबर उलटा लागला. दहातला एक सामना चुकला आणि दुसऱ्या-चौथ्या जागांची अदलाबदल झाली.

लेक गाडीत बुटांचे स्पाइक्स पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने खरवडत बसली होती, कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर त्या सेवेचा आनंदी ईमेल आला: तुमच्या पूलमध्ये आमचा अंदाज ९० टक्के अचूक! चूक नव्हती त्यात. दहापैकी नऊ. आमच्या ह्यांच्या पेन्सिलीचाही तेवढाच आला, फक्त तिने ईमेल पाठवला नाही.

घ्यायचीच असेल तर ती पहिल्यांदा स्पर्धेला जाणाऱ्यांनी घ्यावी, रेटिंगचं पान वाचावं आणि सामन्यांची वेळापत्रकं त्यातच बघावीत. मैदानांचे क्रमांक त्यांनी बरोबर दिलेत, ही लहान गोष्ट नाही. चुकीच्या मैदानावर अर्धा सामना बघितलेल्या आया मी पाहिल्यात. थेट गुणफलक दोन-तीन गुण मागे चालतो, तेव्हा आरडाओरड ऐकू आली की मान वर करायची. क्रमावर पैज लावणार असाल तर भाकितातले टक्के सोडा आणि प्रत्येक सामना कितीने सुटेल याचा स्वतः अंदाज लिहा. मधल्या तिघांच्या तीन सामन्यांत फरक किती असेल, एवढंच. त्यासाठी हवामानाचा अंदाज फुकट मिळतो.

मी त्यांना लिहिलं की सामन्यांबरोबर गुणफरकाचा अंदाज द्या, आणि तिढा पडू शकत असेल तर 'कितीने हरलं तरी चालेल' हा एक रकाना घाला. तुमच्याकडे आकडे आहेत, गणित बेरीज-वजाबाकीचं आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं: पूलमधला क्रम 'फक्त माहितीसाठी' दाखवला जातो, सूचनेबद्दल आभार. पाचपैकी दोन तारे, त्यातला एक मैदानांच्या क्रमांकांसाठी.

एक राहिलंच. १८ डॉलर दरवर्षी आपोआप कापले जातात. ते बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. पहिल्या बिलाच्या ईमेलच्या अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरांत आहे.